पांढरं कार्ड दिसेपर्यंत

"श्वास घ्या... अजून घ्या... धरा. हलू नका."

आमच्या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीतून हे शब्द दिवसभर यायचे. मी समोरच्याच औषधांच्या खिडकीत बसते. मध्ये फक्त एक अरुंद व्हरांडा. दारावरचा लाल दिवा लागला की आतून ताईंचा आवाज यायचा, मग मशीनचा खट् असा आवाज, आणि मग "सोडा." त्या "सोडा"वर माझ्या खिडकीपुढच्या रांगेतली दोन-चार माणसंसुद्धा श्वास सोडायची. तुम्ही रांगेत असता तर तुम्हीही सोडला असता. त्या आवाजात तेवढी जरब होती.

ताई म्हणजे जवाहरनगरच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या एक्स-रे तंत्रज्ञ. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी फोन येईल आणि "कायले व?", कशाला गं, म्हणून माझी हजेरी घेतली जाईल.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत होती. पेशंटला श्वास धरायला लावताना ताई स्वतःही धरायच्या. त्याची काही गरज नसते. काचेमागे उभं राहून बटण दाबायचं, एवढंच काम. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी नाई धरला तं त्याईचा दम केवळा उरला ते मले कसं समजन?" मला हे पटलं होतं. अडचण अशी की ताईंचा दम आणि पेशंटचा दम यांत फार मोठा फरक होता, आणि तो ताईंच्या कधीच लक्षात यायचा नाही.

एकदा ऐन वेळी लाइट गेली. आत एक निवृत्त फोरमन छाती टेकवून उभे होते. "धरा" म्हणून झालेलं. जनरेटर सुरू व्हायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. ताई अंधारात शांत उभ्या, श्वास धरून, आत्ता येईल लाइट म्हणून. लाइट आली आणि ताई "सोडा" म्हणाल्या, तेव्हा फोरमनसाहेब भिंतीला धरून धापा टाकत होते. वरून ताईंनी त्यांनाच झापलं. "दम हाय ना तुमच्यात? मंग घाई कायले?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रांगेत कुणी पुढे घुसला, कुणी रिपोर्ट लवकर मागितला, डाळ शिजायच्या आत कुणी झाकण उघडलं, सगळ्यांना तेच. दम हाय ना? मंग घाई कायले?

दिसायला ताई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. साडीवर पांढरा कोट आणि कोटावर किरणं मोजणारा तो छोटा बिल्ला, जो त्या रोज सकाळी रुमालानं पुसून लावायच्या. डब्यात बहुतेक वेळा वाळलेल्या झिंग्यांची चटणी. डबा उघडला की अर्धा स्टाफ नाक मुरडायचा आणि उरलेला अर्धा पोळी घेऊन यायचा. मी दुसऱ्या अर्ध्यात.

पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला पाण्यात चालायला सांगितलं, म्हणून मी वसाहतीच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांच्या वेळेला जायला लागले. माझं आणि पाण्याचं नातं छातीपर्यंतचं. त्यापुढे मी जात नाही, पाण्यानंही मला कधी आग्रह केला नाही. एकटीला कंटाळा येतो म्हणून ताईंना घेऊन गेले. त्यांनी लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख घातला, केस टोपीत कोंबले, पायऱ्या उतरून पाण्यात गेल्या आणि तोंड खाली करून पाण्यावर आडव्या पसरल्या. हातपाय सैल. काही हालचाल नाही.

मी चालत राहिले. एक फेरी झाली, दुसरी झाली. ताई तशाच. मग कुणीतरी बाई किंचाळली, आणि पोहणं शिकवणाऱ्या सरांनी शिट्टी, बूट, मोबाइल सगळ्यासकट उडी मारली. त्यांचा हात लागल्याबरोबर ताईंनी डोकं वर काढलं आणि काळजीनं इकडेतिकडे पाहिलं.

"काय झालं? कोण बुडालं?"

सरांचा मोबाइल त्या दिवशी गेला तो गेलाच. पण राग ओसरल्यावर त्यांनी विचारलं की तुम्ही अशा किती वेळ राहू शकता. तलावात कोण घडी घेऊन जाते, असं ताई म्हणाल्या. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी पुढे रोज पाहिली. बाहेर निघण्याआधी त्यांनी आपला चेहरा पुन्हा एकदा अलगद पाण्यात टेकवला आणि उचलला. सरांना वाटलं, तोंड धुतलं.

ते तोंड धुणं नव्हतं. दुपारी डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. ताईंचं माहेर कोंढ्याजवळच्या एका खेड्यातलं. घर ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं. गावाबाहेर मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं पोट त्या तलावावर. तलावाच्या तळाशी जुन्या झाडांचे खुंट. ओढताना जाळं त्या खुंटांना अडकलं की कुणीतरी खाली जाऊन ते सोडवायचं. जोरानं ओढलं तर फाटतं आणि मग महिनाभराची कमाई गेली. ताईंचे वडील गावात सगळ्यांत चांगले बुडी मारणारे. आणि त्यांच्या घरची रीत अशी की बुडी मारून वर आलं की पहिला शब्द बोलायच्या आत तोंड एकदा पाण्याला टेकवायचं. पाण्यानं सोडलं, म्हणून पाण्याला सांगून निघायचं. वडील त्याआधी कधी 'हूं' सुद्धा म्हणत नसत. सकाळी गडबडीत आपण आधी बोललो, याची ताईंना चुटपुट लागली होती.

पुढे वडिलांना दम्यानं धरलं. जाळं तर अडकायचंच. मग ते पहाटे डोंगा, म्हणजे आपली लहान होडी, काढायचे, सोबत ही पोरगी. वडील डोंग्यात बसून राहायचे आणि पोरगी खाली जाऊन जाळं सोडवून यायची. काठावर आल्यावर लोक म्हणायचे, दम्याचा माणूस, पण अजून दम पाहा त्याचा. वडील काही बोलायचे नाहीत. पोरगी बुडी मारते हे कळलं असतं तर तिच्या लग्नाच्या वेळी नाही नाही ते निघालं असतं.

"बाबानं माया भल्यासाठीच झाकलं," ताई म्हणाल्या. "त्याचा राग नाई. पण एक बार तरी कोणीतरी मोजाव व. हा दम हिचा होता, असं माया गावाचं नाव घेऊन सांगाव. बस, आणखीन काई नाई."

एवढं बोलून त्यांनी चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि दारावरचा लाल दिवा लावायला उठल्या.

स्पर्धेची बातमी सरांनीच आणली. नागपूरला एका पोहण्याच्या तलावात श्वास रोखण्याची स्पर्धा होती, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी पाण्यावर तोंड खाली करून जास्तीत जास्त वेळ निश्चल राहायचं, दुसऱ्या दिवशी एका श्वासात पाण्याखालून जास्तीत जास्त लांब जायचं. वयाची अट नाही. डॉक्टरांचा दाखला आणि आधी रीतसर शिकलेलं असणं, एवढं पुरे. ताई आधी खूप हसल्या. श्वास धराची पण स्पर्धा राहते का, म्हणाल्या. मग दोन दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. दोनदा "सोडा" म्हणायला विसरल्या, माझ्या खिडकीपुढची रांगही तिष्ठत राहिली. तिसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाल्या की मी जाईन, आणि तूही येशीन.

ताई तेव्हा निवृत्तीला आलेल्या. वसाहतीत या बातमीवर चर्चा झाली नसती तरच नवल. या वयात बाईनं असले पोशाख घालून पाण्यात पडून राहायचं, यात काय मिळवायचं, असा एकंदर सूर.  ताई सरांबरोबर काही रविवार नागपूरला जाऊन शिकून आल्या. तिथे पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं की हा खेळ एकट्यानं करायचा नाही. पाण्यात शेजारी कुणीतरी उभं हवंच. श्वास धरता धरता माणसाची शुद्ध जाऊ शकते, आणि ज्याची जाते त्याला स्वतःला ते कळत नाही.

ते शेजारचं माणूस म्हणजे मी. मला पोहता येत नाही, असं मी गयावया करून सांगितलं. तर म्हणाल्या, "तुले पोहाचं नाई. मले पाहाचं हाय."

तेव्हापासून माझ्या सकाळी अशा. ताई आडव्या, मी छातीभर पाण्यात शेजारी. थोड्या थोड्या वेळानं त्यांच्या खांद्याला हात लावायचा. त्यांनी एक बोट उचलायचं, म्हणजे सगळं ठीक. बोट उचललं नाही की लगेच उलटं करून तोंड वर काढायचं. पहिल्या दिवशी मी इतक्यांदा खांदा हलवला की त्या उठून उभ्या राहिल्या आणि तू मले धरू देशीन का नाई, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शेवटी शेवटी त्यांचं पोट आतून गचके द्यायला लागलं, तशी मी घाबरून त्यांना बखोटीला धरून वर ओढलं. त्यांनी मला समजावलं की ते पोट आहे, ते श्वास मागतं, मागू द्यायचं. दम संपत आला की मागतं असं नाही, त्याच्या बरंच आधीपासून मागायला लागतं. मी ऐकून घेतलं, पण ते गचके पाहायची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. माझी पाठ मात्र त्या दिवसांत दुखायची थांबली. भीतीपुढे तिला दुखायला सवड नसावी.

स्पर्धा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे कबड्डीचं मैदान येतं. शिट्ट्या, आरोळ्या, धुरळा. नागपूरला आम्ही आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं आपण चुकीच्या दिवशी आलो. एवढी शांतता! काठावर चटया टाकून माणसं डोळे मिटून पडलेली, अंगावर टॉवेल. कुणी बोललं तरी कुजबुजत. आमच्या दवाखान्यात सुट्टीच्या दिवशीसुद्धा यापेक्षा जास्त गडबड असते. बहुतेक सगळे पोरापोरींच्या वयाचे, सडपातळ, रबरी पोशाखात घट्ट बसलेले. आमच्या ताईंना पाहून एका मुलीनं नम्रपणे विचारलं की आंटी, आपका बच्चा खेल रहा है क्या? ताई म्हणाल्या, "नाई, मीच." आणि तिच्याच शेजारी चटई टाकली.

तुम्ही कधी अशा पहिल्या स्पर्धेला गेलात तर एक सांगून ठेवते, उपाशी राहायची तयारी ठेवा. पोट भरलेलं चालत नाही. चटणीचा डबा आम्ही नेला होता, आणि दिवसभर तो पिशवीतून आमच्याकडे पाहत होता.

नाव नोंदवताना आधीच सांगावं लागतं की तुम्ही किमान किती वेळ राहाल. पहिल्या खेपेला कमीच सांगा, असं सरांनी बजावलं होतं, म्हणून ताईंनी अडीच मिनिटं सांगितली. मग गाव विचारलं. मी जवाहरनगर म्हणाले. ताईंनी माझ्या हातावर चापट मारली आणि आपल्या खेड्याचं नाव सांगितलं. नोंदवणाऱ्याला ते नीट कळेना, तर पुन्हा एकेक अक्षर सुटं करून.

मुख्य पंच एक बाई होत्या. केस आवळून बांधलेले, आवाज मऊ, नियम कडक. सगळ्यांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं. पाण्यातून तोंड वर काढलं की पुढच्या थोड्या सेकंदांत तीन गोष्टी करायच्या, याच क्रमानं. नाकाचा चिमटा काढायचा, अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल दाखवायचा, आणि "आय ॲम ओके" म्हणायचं. त्यानंतर पंच कार्ड दाखवतील. पांढरं म्हणजे कामगिरी धरली. लाल म्हणजे रद्द. आणि कार्ड दिसेपर्यंत नाक-तोंड पुन्हा पाण्याखाली जाता कामा नये. हे त्यांनी दोनदा सांगितलं. ताईंनी मान डोलावली, मीही डोलावली. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही. तुम्ही हे वाचताना एव्हाना ओळखलं असेल.

ताईंची पाळी आली. कर्ण्यावरून आधी त्यांचं नाव आणि मग गावाचं नाव घेतलं गेलं. ते नाव मी याआधी फक्त एसटीच्या पाटीवर वाचलं होतं. नागपूरच्या त्या गुळगुळीत फरशीच्या इमारतीत ते घुमलं, आणि पाण्यात उभ्या ताईंनी डोळे मिटले. मी शेजारी उभी. त्यांच्या बाजूनं पाण्यात उभं राहायची मला परवानगी होती. उलटे आकडे मोजले गेले. ताईंनी चिमटा लावला, श्वास घेतला आणि चेहरा पाण्यात ठेवला.

पुढचं काय सांगू! वर टांगलेल्या घड्याळाकडे मी पाहिलंच नाही. मी त्यांच्या खांद्याला हात लावत होते आणि बोट वर येत होतं. हात लावत होते, बोट येत होतं. पंचबाई काठावर ओणव्या होऊन पाहत होत्या. पोटाचे गचके सुरू झाले. आजूबाजूच्या चटयांवरची दोन-तीन माणसं उठून बसली, एवढं मला दिसलं. आणि मग ताईंनी काठ धरला, चेहरा वर काढला, श्वास घेतला. चिमटा काढला. बोटांचा गोल दाखवला.

"आय ॲम ओके," त्या म्हणाल्या. आवाज तोच, "धरा, हलू नका"वाला. अख्ख्या तलावाला ऐकू गेला.

पंचबाईंचा हात पांढऱ्या कार्डावर गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. आणि ताईंनी, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, रोजच्यासारखं तोंड पाण्याला टेकवलं.

पंचबाईंनी पांढरं कार्ड सोडलं आणि लाल उचललं.

मी भांडले. ही आमच्याकडची रीत आहे, त्या पाया पडल्या, त्यांना काही झालेलं नाही, बघा, चांगल्या उभ्या आहेत, असं सगळं एका दमात. पंचबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की ज्याची शुद्ध जाते तोही "ओके" म्हणतो आणि मग त्याचं तोंड असंच पाण्यात जातं. बाहेरून मला पाया पडणं आणि बेशुद्ध पडणं सारखंच दिसतं. हा नियम त्याचसाठी आहे.  आमच्याही दवाखान्यात असले नियम असतात, आणि ते कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावरच केलेले असतात.

ताई मात्र भांडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लाल तं लाल. पण मले घडी दाखवा."

पंचबाई खाली बसल्या आणि हातातलं घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. चार मिनिटांना थोडं कमी. ताईंनी गळ्यात चष्मा चाचपला, तो नव्हता, मग डोळे बारीक करून पाहिलं.

"हे लागणार नाई माया नावावर. पण हे झालं ना?"

"झालं," पंचबाई मराठीत म्हणाल्या. "मी मोजलं."

मला वाटलं, चला, ताईंना हवं होतं ते मिळालं. कुणीतरी मोजलं. पण टॉवेल गुंडाळून बाकावर बसल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना एकच लागलं होतं. गावाचं नाव घेतलं आणि त्यावर लाल दाखवलं, एवढंच. माझ्या नावावर लाल लागलं असतं तर चाललं असतं, म्हणाल्या. डबा उघडला, पण जेवण काही गेलं नाही.

संध्याकाळी लॉजवर त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ गावातच असतात, वडिलांच्या मागे जाळं त्यांच्याकडे आलं. ताईंनी सगळं सांगितलं, घड्याळ, कार्ड, नियम. भावानं सगळं ऐकून एकच विचारलं, पाया पडली ना? ताई म्हणाल्या, पडली. मग झालं तर, भाऊ म्हणाले, आणि उद्या मी येतो म्हणून फोन ठेवला.

मी म्हटलं, उद्याच्या दिवस नका पडू. घरी जाऊन आपल्या तलावाची माफी मागा. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले.

"पाण्यातून निघून तोंड नाई टेकवलं, तं मले असं वाटन का मी काईतरी चोरून पळून राहिली. बाबा एक बार नाई चुकला."

मग मी म्हटलं, टेकवा ना. कोण नको म्हणतं? फक्त पांढरं कार्ड दिसल्यावर टेकवा. त्यावर ताई विचारात पडल्या. अगदी मनापासून त्यांनी मला विचारलं की तेवढा वेळ पाणी थांबेल का? आज 'ओके' तर आधी म्हणावंच लागलं, आता वर कार्डाचीही वाट पाहायची आणि पाण्याला मागे ठेवायचं, हे त्याला चालेल का?

मी औषधाच्या खिडकीतली बाई, मला पाण्याच्या मनातलं काय कळणार. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "दम हाय ना त्याच्यात? मंग घाई कायले?"

ताई आधी दचकल्या. मग हसायला लागल्या, त्या अशा हसल्या की शेवटी डोळे पुसावे लागले. त्यानंतर आम्ही दोघींनी ती चटणी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले. पांढरा धुवट सदरा, पायजमा, हातात पिशवी. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर सगळ्यांत वरती जाऊन बसले आणि तिथून हलले नाहीत. त्यांनी एवढं निळं, स्वच्छ पाणी पहिल्यांदाच पाहिलं असणार. मासे नाहीत यात, एवढंच ते मला म्हणाले.

पुन्हा कर्ण्यावरून नाव, पुन्हा गाव. ताई पाण्याखाली गेल्या. बाकीचे पायाला लांब पंख बांधून माशासारखे जात होते. ताई नुसत्या हातापायांनी, बेडकासारख्या, तळाला लागून. मी काठानं चालत होते. पाण्यातून त्यांचा काळा पोशाख आणि पांढरे तळवे दिसत होते. समोरच्या भिंतीला हात लावून त्या वळल्या. परत येताना मधल्या खुणेपाशी त्यांचा वेग कमी झाला, आणि त्या वर आल्या.

श्वास. चिमटा. गोल. "आय ॲम ओके."

मग त्यांची हनुवटी खाली जायला लागली. सवय होती ती, पन्नास वर्षांची. पाण्यापासून दोन बोटांवर ती थांबली. थांबली आणि थरथरत राहिली. ताईंनी बाजूचा काठ घट्ट धरला होता. पंचबाई त्यांच्या डोळ्यांत पाहत होत्या, आणि मी, खरं सांगते, तेव्हा श्वास धरून उभी होते.

कार्ड वर आलं. पांढरं.

ताईंनी कार्डाकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता ना, आणि जवळचं त्यांना धूसर! मी म्हटलं, पांढरं आहे ताई, पांढरं आहे. तेव्हा कुठे त्यांनी तोंड पाण्याला टेकवलं. कालच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ. बाजूला राखणीला असलेला पोहणारा पुढे सरसावला, तर पंचबाईंनी हात करून त्याला थांबवलं. वरच्या पायरीवर भाऊ उठून उभे राहिले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नागपूरच्या त्या निळ्या पाण्याला हात जोडले.

ताईंचा नंबर खालून दुसरा आला. पदक नाही, काही नाही. पण त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला तितका माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता, हे मी त्याला सांगूनही टाकलं आहे.

ताई निवृत्त होऊन माहेरगावी राहायला गेल्या. एक्स-रेच्या खोलीत आता नवीन तंत्रज्ञ आहेत. चांगले आहेत, भराभर काम करतात. "सांस रोको" म्हणतात आणि लगेच "छोडो." रांगेत कुणी श्वास धरत नाही. मीच अजून खिडकीत बसल्या बसल्या धरते, आणि त्यांचं "छोडो" मला नेहमी फार लवकर आल्यासारखं वाटतं.

या उन्हाळ्यात मी कोंढ्याकडे गेले होते. तलावावर जाळं ओढायचं काम चालू होतं आणि ते नेमकं खुंटाला अडकलं. काठावर बरीच माणसं, त्यांत धडधाकट तरुण कितीतरी. पण त्यांच्यातलाच एक जण ओरडला, "बाईले बोलवा."  ताई आल्या, साडीचा काचा मारलेला. एकटीनं जायचं नाही, असं मी काठावरून ओरडले, तर म्हणाल्या की डोंग्यात भाऊ हाय ना, तू कायले भेतं. आणि गेल्या खाली.

पाणी गढूळ. इथे पांढरे तळवे दिसत नाहीत, काहीच दिसत नाही. माणसं जाळ्याच्या दोराकडे पाहत राहिली. मग दोर सैल पडला, जाळं हललं, आणि जरा पलीकडे ताईंचं डोकं वर आलं.

त्या पाया पडल्या नाहीत. भावाकडेही पाहिलं नाही. त्यांनी काठावर मला शोधलं, पाण्यातून हात वर काढला आणि अंगठा नि बोट जोडून गोल दाखवला. आणि तशाच थांबल्या, हनुवटी पाण्याच्या वर धरून.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी घाईघाईनं पर्स उपसली. त्यात आमच्या खिडकीवरची, गोळ्या घालून द्यायची कागदी पाकिटं नेहमी असतात. एक कोरं पांढरं पाकीट काढलं आणि हात लांब करून उंच धरलं.

तेवढ्यात येऊन शेजारी उभ्या राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं की जाळं कोणी सोडवलं. "बाईनं," माझ्याआधी दोघं-तिघं एकदम बोलले.

तलावात ताईंनी ते पाकीट पाहिलं आणि तोंड पाण्याला टेकवलं.